रक्ताशोकाखालची पूजा

दिवाळीच्या पाडव्याला पत्नीने पतीला ओवाळावे आणि त्याने तबकात ओवाळणी, म्हणजे औक्षणानंतरची भेट, घालावी ही रीत महाराष्ट्रात घरच्या वडीलधाऱ्यांदेखत पार पडते. ज्या घरांत एरवी नवरा-बायकोच्या तोंडून मायेचा शब्दही चारचौघांत निघत नाही, तिथेही त्या दिवशी दोघांना सर्वांसमोर एकमेकांकडे निःसंकोच पाहता येते. प्रेमासाठी राखून ठेवलेल्या दिवसाची मोहिनी या मुभेत आहे, आणि मदनोत्सवात, म्हणजे वसंतात होणाऱ्या कामदेवाच्या प्राचीन उत्सवात, तिची व्याप्ती अधिक ठळकपणे दिसते.

सातव्या शतकातील सम्राट हर्षाच्या नावावर असलेल्या ‘रत्नावली’ या नाटिकेचा पहिला अंक याच उत्सवाचा आहे. कौशांबी नगरी सुगंधी चूर्णाने पिवळी झालेली असताना राणी वासवदत्ता उद्यानातील रक्ताशोकाच्या, म्हणजे तांबड्या फुलांच्या अशोकाच्या, बुंध्याशी मदनाची पूजा करते आणि पाठोपाठ पतीची, उदयन राजाचीही. सागरिका ही रूपवती दासी राजाच्या नजरेस पडू नये म्हणून राणीने तिला मैनेकडे लक्ष देण्याच्या निमित्ताने परत धाडलेले असते. ती मात्र झाडीआड थांबते, राजालाच मूर्तिमंत मदन समजते आणि लपूनच त्याला फुले वाहते. सायंकाळी भाटाच्या तोंडून राजाचे नाव ऐकल्यावर तिला कळते, की पित्याने आपल्याला ज्याला देऊ केले होते तो उदयन हाच. राणीला जे हक्काने करता येते तेच सागरिकेला चोरून करावे लागते, आणि दोघींची पूजा एकाच मुहूर्तावर घडवण्यात नाटककाराची जाण दिसते.

सातवाहन राजा हालाच्या नावाशी जोडलेल्या ‘गाथासप्तशती’त, महाराष्ट्री प्राकृतातील या मुक्तकसंग्रहात, हाच मोकळेपणा गावरान होतो: फाल्गुनोत्सवात कोणी अंगाला चिखल फासला तरी त्याला दोष लागत नाही.

अशा दिवसाची दुसरी बाजू कालिदासाने ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात दाखवली आहे. शकुंतलेला नाकारल्याच्या पश्चात्तापाने पोळलेला दुष्यंत वसंतोत्सवावरच बंदी घालतो, कारण विरहात तो सण सोसवत नाही. पण नुकत्याच राजधानीत आलेल्या दोन उद्यानरक्षिकांना हे ठाऊक नसते. एक जण मैत्रिणीचा आधार घेऊन चवड्यांवर उभी राहते आणि मदनाला वाहण्यासाठी आंब्याचा मोहोर खुडते, तर दुसरी पूजेचे अर्धे फळ मागून घेते. कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा वृद्ध अधिकारी, त्यांना खडसावतो. राजाचे दुःख खरे असले, तरी ज्यांनी कोणाला दुखावलेले नाही त्यांचा सण त्यापायी बुडतो, हेही तितकेच खरे आहे. म्हणून या प्रवेशात वाचकाचे मन राजापेक्षा त्या दोघींकडे ओढले जाते, आणि ते योग्यच आहे.