तज्ज्ञाचे मत आणि त्याचा आधार

न्यायालयात तज्ज्ञाने मत दिले म्हणजे वादाचा निकाल लागला असे होत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने तज्ज्ञाचे मत विचारात घेण्यास मुभा दिली व त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, ३९ व्या कलमान्वये, ती कायम आहे. परंतु ते मत कशावर उभे आहे, हे उलटतपासणीत विचारता येते. आरोपीलाही असलेला हा अधिकार कृत्रिम पाय, कॅलिपर किंवा ब्रेस घ्यावयास गेलेल्या अपंग माणसाला का नसावा?

हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे पावले आत वळलेल्या स्थितीत जन्मलेल्या मुलांच्या उदाहरणावरून कळेल. अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी पाऊल हाताने हळूहळू सरळ करीत दर आठवड्यास नवे प्लास्टर घालण्याची पद्धत बसविली. त्यानंतर दांडीने जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ अहोरात्र व पुढे चार-पाच वर्षे झोपेत घालावे लागतात. १९६३ साली या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तरीही पुढील तीन दशके बहुसंख्य शल्यचिकित्सक मोठी शस्त्रक्रियाच करीत राहिले आणि अशा अनेक मुलांची पावले मोठेपणी ताठर व दुखरी झाली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पोन्सेटींच्या ४५ रुग्णांपैकी ३५ जणांची पावले प्रौढपणीही उत्तम वा चांगली आढळली. पुढे या पद्धतीचा प्रसार झाला, त्याला मुलांच्या आईबापांनीच मोठा हातभार लावला. पुरावा होता, उणीव होती ती तो पाहण्याच्या वृत्तीची.

उलट प्रकारही घडतो. पाठीचा कणा वाकलेल्या किशोरवयीन मुलांना ब्रेस देण्याचा प्रघात कित्येक दशके चालू होता; पण त्याचा उपयोग होतो की नाही, यावर तज्ज्ञांतच दुमत होते. २०१३ साली अमेरिका व कॅनडातील चाचणीचा निष्कर्ष आला. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. ब्रेस नसलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. ब्रेस जितके तास अधिक घातला, तितका लाभ अधिक, हेही दिसून आले. दशकांचा वाद मतांनी मिटला नाही, मोजणीने मिटला.

यावर या व्यवसायातील मंडळी म्हणतात, "प्रत्येक रुग्णाचा पाय निराळा, तेथे हाताचा अनुभवच कामी येतो." यात तथ्य आहे. पुराव्याचा आग्रह धरणारेही अनुभव टाकून द्या असे म्हणत नाहीत; संशोधन, अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींची सांगड घाला, एवढेच ते म्हणतात. शिवाय अनुभव नोंदला नाही, तर तो त्या माणसाबरोबरच संपतो. नवा पाय बसविण्यापूर्वी व नंतर रुग्ण सहा मिनिटांत किती चालतो, साधन दिवसातून किती तास वापरतो, जखम होते काय, हे लिहून ठेवण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. रुग्णांच्या गर्दीत वेळ नाही, संशोधन वाचण्याची सोय नाही, ही तक्रारही खरी आहे. पण तिचे उत्तर रुग्णालये व शासन यांनी द्यावयाचे आहे. तिचा भुर्दंड रुग्णाने सोसू नये.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगांचे पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरविली आहे. साधने वाटल्याचे आकडे जाहीर झाले म्हणजे ती जबाबदारी पुरी होत नाही. वर्षभराने त्यांपैकी किती पायांत आहेत आणि किती माळ्यावर पडली आहेत, हाही हिशेब मागितला पाहिजे.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे आहे की, आपल्या घरातील कोणासाठी असे साधन घ्यावयाचे असेल, तर नम्रपणे पण ठामपणे तीन प्रश्न विचारा: हे साधन का? याने काय साधेल? ते साधले की नाही, हे तपासण्यास पुन्हा केव्हा यावयाचे? ज्याला आपले काम येते, त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. आणि ज्याला राग येईल, त्याला तर ते अवश्य विचारा.