गुंत्याले देवी म्हणू नका

आमच्या वर्ध्यात ओळखीच्या एका घरी पोरीच्या कुरळ्या केसांत गुंता झाला. आजी म्हणे, "देवीची जट हाये, कात्री लावाची नाई." अरे बाप्पा! कुरळ्या केसांत टाळूचं तेल वळणावळणानं टोकापर्यंत उतरत नाही. केस कोरडे पडतात, गुंततात. विंचरणं सोडलं की जट तयार. मग पोर वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाहते, मान दुखते, शाळेत हसतात.

अंनिसच्या नंदिनी जाधव यांनी राज्यभर शेकडो बायांच्या जटा कापून त्यांना मोकळं केलं. आपण निदान जट होऊच देऊ नये. तेलाची वाटी घ्या, मोठ्या दातांचा कंगवा घ्या, टोकापासून हळूहळू वर सोडवा. कुरळे केस छानच दिसतात, हेही पोरीला सांगा.