‘ओसाड’ या विशेषणाविरुद्ध

सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेतील मुलाची उत्तरपत्रिका काही महिन्यांपूर्वी आमच्या हाती आली. ‘माझा परिसर’ या निबंधात त्याने लिहिले होते, ‘आमच्या गावाबाहेर ओसाड माळ आहे. तेथे काहीच नाही. तेथे झाडे लावली पाहिजेत.’ शेजारी लाल शाईत शाबासकी. याच मुलाला ध्रुवीय अस्वल कोठे राहते आणि उंटाचे तळवे रुंद का असतात, हे मात्र तोंडपाठ होते. शाबासकी देणारा मराठीचा शिक्षक आमचाच जुना विद्यार्थी आहे. तेव्हा या लेखात जे कडू बोलले जाईल, त्यातला पहिला घोट आमचा.

‘काहीच नाही’ म्हणजे काय काय नाही, ते पाहू. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते नाहीत. त्या गवतातले नाकतोडे नाहीत. नाकतोड्यांवर जगणारे चंडोल, धाविक आणि माळटिटव्या नाहीत. खोकड नाही, चिंकारा नाही, धनगराच्या वाड्याभोवती रात्री घुटमळणारा लांडगा नाही. आणि माळढोक नाही. हे शेवटचे ‘नाही’ आता जवळजवळ खरे झाले आहे. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. दूरवर मोकळे दिसेल अशी जागा त्याला लागते. त्याच्या पायाला मागचे बोटच नसते, त्यामुळे त्याला फांदी धरून बसता येत नाही. ज्या पक्ष्याला झाडावर बसता येत नाही, त्याच्या घरात झाडे लावा असे आपण मुलांना शिकवतो आणि त्याला पर्यावरणशिक्षण म्हणतो!

याच पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते बरेच आकसले. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते, आणि देशभरात उरलेल्या शे-दीडशे पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. पण शब्द पाहा. अरण्य जिथे नसते तिथेच जो जगतो, त्यालाही आम्ही ‘अभयारण्य’ दिले. राखलेल्या माळासाठी आमच्या शासकीय मराठीला शब्दच सुचला नाही. शब्द नव्हता असे नव्हे. गायरान होते, कुरण होते, चराईचे माळ राखण्याची रीत होती. पण इंग्रजीतल्या ‘वेस्टलँड’चे आम्ही ‘पडीक’ केले आणि सुटलो.

यावर आमचे काही सहकारी म्हणतात, हे विज्ञानाच्या शिक्षकाचे काम आहे. मराठीच्या तासाला गवत कशाला? विज्ञानाचा शिक्षक बिचारा ‘अधिवास’ या संज्ञेची व्याख्या लिहून देतो. ग्रामीण मुलाने हा शब्द यापूर्वी एकाच ठिकाणी ऐकलेला असतो, तहसील कचेरीत, अधिवास प्रमाणपत्राच्या रांगेत. व्याख्या विज्ञानाने द्यावी. पण ओसाड, उजाड, भकास, उघडाबोडका ही विशेषणे कोणाच्या तासाला शिकवली गेली? ‘मी झाड बोलतोय’ या आत्मवृत्ताच्या हजारो प्रती वर्षानुवर्षे कोणी तपासल्या? ‘मी माळ बोलतोय’ असा निबंध आम्ही तरी आजवर पाहिलेला नाही.

खरा दोष याहून वरच्या वर्गात आहे. मराठी समीक्षेने भूप्रदेशाला ‘पार्श्वभूमी’ केले. पदवीच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे ‘बनगरवाडी’ शिकवली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. तिचा निवेदकच एक शाळामास्तर. आमचे प्रश्न ठरलेले: कारभाऱ्याचे व्यक्तिचित्र रेखाटा, ग्रामजीवनाचे चित्रण स्पष्ट करा, वातावरणनिर्मितीवर टीप लिहा. ही वाडी त्या माळावरच का, असे आम्ही एकदाही विचारले नाही. पाऊस थोडा, म्हणून शेती बेभरवशाची. शेती बेभरवशाची म्हणून मेंढरू. मेंढरासाठी गवत, गवतासाठी तो थोडाच पण वेळेवर पडणारा पाऊस. तो पडत नाही, चारा संपतो, मेंढरे मरतात आणि माणसे वाडी सोडून निघून जातात. प्राणी आणि माणूस आपल्या प्रदेशावर कसे अवलंबून असतात, याचा यापेक्षा नेमका धडा मराठीत शोधायचा तरी कोठे? आणि त्याला आम्ही ‘वातावरणनिर्मिती’ म्हणालो. पाच गुण.

शेजारच्या तमिळ परंपरेने ही चूक केली नाही. ‘तोल्काप्पियम्’मधला तिणै-विचार भूप्रदेशाला कवितेचा पाया मानतो. डोंगराची कुरिंजी, कुरणा-रानाची मुल्लै, शेतीची मरुतम्, समुद्रकाठची नेय्दल, रखरखाटाची पालै. प्रत्येकीचे झाड, प्राणी, पक्षी, माणसांचा उद्योग आणि प्रेमाची अवस्था ठरलेली. मुल्लैत गुराखी आहेत आणि धीराने वाट पाहणे आहे. बारा वर्षांनी फुलणारी कुरिंजी आणि सात वर्षांनी फुलणारी आपल्या सह्याद्रीतली कारवी ही एकाच कुळातली भावंडे. तिकडे त्या फुलाच्या नावाने काव्यशास्त्रातले एक दालन उघडले. इकडे कारवी फुलली की आम्ही गाड्या काढतो. हे संकेत आपण जसेच्या तसे उचलावेत, असे कोणी म्हणत नाही. पण एम.ए.च्या विद्यार्थ्याला अॅरिस्टॉटलचे विरेचन ठाऊक असावे आणि तिणै ठाऊक नसावी, हे कसले तौलनिक साहित्य? असो.

बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तके काढली, ही कल्पना चांगली होती. पण जिल्हा हा कलेक्टरचा अधिवास आहे. गवताला तो कळत नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात कासचा सडा आहे आणि माणचा माळही आहे. सड्यावर माती इतकी पातळ आणि निकस की तिथल्या दवबिंदूला आणि सीतेच्या आसवांना किडे खाऊन पोट भरावे लागते. हे कळलेल्या मुलाला सड्यावर मातीचे ट्रक ओतून बाग करावी असे वाटणार नाही.

माळ केवळ विशेषणांनी संपला असे आम्ही म्हणत नाही. ऊस आला, विजेच्या तारा आल्या, प्लॉट पडले. तरीही २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्यात पन्नास कोटी झाडांचा संकल्प सोडला गेला, शाळाशाळांतून मुले रोपे घेऊन निघाली, तेव्हा खड्डे कोठे घेता आहात, हे विचारण्याचे भान किती मराठी शिक्षकांना होते? माळांवर मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांवर कोणी लेख लिहिला? मारुती चितमपल्ली आयुष्यभर वनखात्यात हिंडून पक्ष्यांची आणि झाडांची मराठी नावे गोळा करत राहिले. २००६ साली, माळढोकाच्या त्या सोलापुरातच, आम्ही त्यांना संमेलनाचे अध्यक्ष केले, हार घातले, आणि अभ्यासक्रम होता तसाच ठेवला.

येत्या सत्रात ‘बनगरवाडी’वरचा आमचा पहिला प्रश्न असा असेल: कादंबरीतली मेंढरे काय खात असतील? किमान चार गवतांची नावे लिहा. उत्तर गाईडात नाही. पहिला पाऊस पडून पंधरा दिवस झाले की आमचा वर्ग माळावर जाणार आहे, आणि तो लाल शाईवाला शिक्षक आपल्या मुलांना घेऊन तिथे येतो म्हणाला आहे. नावे सांगायला एका धनगर आजोबांना गळ घातली आहे. मेंढरे त्या दिवशी कोणत्या अंगाला असतील त्यावर ते येणे अवलंबून आहे.