परदेशातील रोमिंग : मीटर तर घरीच, मग बिलाचा धक्का कशासाठी?

परदेशवारीहून परतलेल्या पोस्टपेड ग्राहकाच्या हाती हजारो रुपयांचे बिल पडते. विचारणा केली की ठरलेले उत्तर मिळते : ‘तिकडच्या नेटवर्ककडून वापराची नोंद उशिरा आली.’ कॉलच्या बाबतीत या उत्तरात थोडेफार तथ्य आहे. डेटाच्या बाबतीत ते टिकत नाही. आणि आज बिल फुगते ते बहुधा डेटामुळेच.

विमान दुबईत उतरल्यावर काय होते?

फोन सुरू होताच तेथील नेटवर्क सिममधला ओळख क्रमांक वाचते. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ असतात. पुढच्या अंकांवरून कंपनी कळते. मग दुबईचे नेटवर्क भारतातील कंपनीला विचारते, की हा ग्राहक तुमचाच ना, आणि त्याला कोणत्या सेवा द्यायच्या? होकार आला की टॉवरच्या दांड्या दिसू लागतात.

खरी गंमत पुढे आहे. दुबईत बसून कोणी एखादी वेबसाइट उघडली, तर ती मागणी थेट इंटरनेटवर जात नाही. दुबईचे नेटवर्क ती एका खासगी जोडणीतून भारतातील कंपनीच्या गेटवेकडे पाठवते, तेथून ती इंटरनेटवर जाते आणि उत्तरही त्याच वाटेने परत येते. चक्क द्राविडी प्राणायाम! पण जगभर बहुतेक कंपन्यांचे डेटा रोमिंग असेच चालते. म्हणूनच भारतीय सिमच्या डेटावर परदेशात अनेक वेबसाइट ग्राहक भारतातच आहे असे समजतात आणि पाने काहीशी रेंगाळत उघडतात.

याचा अर्थ असा, की परदेशात वापरलेला प्रत्येक एमबी आधी घरच्या गेटवेतून जातो आणि तिथेच मोजला जातो. प्रीपेडमध्ये हा गेटवे चार्जिंग यंत्रणेकडून डेटाचा छोटा हप्ता मागून घेतो, तो संपला की पुढचा मागतो. शिल्लक नसेल तर डेटा बंद. प्रीपेड रोमिंग पॅक संपताक्षणी इंटरनेट थांबते ते यामुळे. पोस्टपेडचा डेटाही याच प्रकारच्या गेटवेतून जातो. फरक असतो तो थांबवायचे की नाही, या निर्णयाचा.

मग ‘उशिरा येणारी नोंद’ कोणती?

ती कंपन्यांच्या आपसातल्या हिशेबाची. दुबईचे नेटवर्कही स्वतःकडे वापर मोजते आणि त्याच्या फायली तयार करते. ‘टॅप’ नावाच्या ठरावीक साच्यातल्या या फायली मध्यस्थ क्लिअरिंग हाऊसमार्फत भारतातील कंपनीकडे जातात. त्यांवरून घाऊक दराने देणीघेणी होतात. यातले दर अनेकदा डॉलर-रुपयात नव्हे, तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘एसडीआर’ या एककात मांडलेले असतात. साध्या व्हॉइस कॉलची मोजणी पाहुण्या नेटवर्ककडेच होत असल्याने पोस्टपेड कॉलचा तपशील घरच्या कंपनीला या फायलींतून मिळतो आणि त्याला वेळ लागतो.

पण तिथेही सबब पुरती पडत नाही. रोमिंगमधील फसवणुकीत कंपन्यांचे स्वतःचे पैसे बुडू लागले, तेव्हा त्यांनी वापराची नोंद चार तासांत कळवण्याची वेगळी व्यवस्था आपसात उभी केली. स्वतःच्या खिशाला झळ बसली की यंत्रणा वेगवान होते, ग्राहकाच्या वेळी मात्र बैल गेला आणि झोपा केला.

युरोपीय संघात २०१० मध्येच नियम लागू झाला : रोमिंग डेटाचे बिल करांशिवाय ५० युरोवर गेले की डेटा बंद, ग्राहकाने होकार दिला तरच पुढे. २०१७ पासून तर संघातील देशांत रोमिंगचा वेगळा आकारच नाही. ते शक्य झाले घाऊक दरांवर मर्यादा आणल्यामुळे. ही मर्यादा २०२२ मध्ये प्रति जीबी २ युरो होती, ती टप्प्याटप्प्याने २०२७ मध्ये १ युरोवर येणार आहे.

देशांतर्गत रोमिंगचा अनुभवही हेच सांगतो. मोबाइल सर्कलच्या नकाशात गोवा महाराष्ट्राबरोबर आणि मुंबई वेगळी. त्यामुळे पुण्याचे सिम पणजीत घरचे आणि दादरला पाहुणे! ‘ट्राय’ने २०१५ मध्ये रोमिंगमधील इनकमिंगची कमाल मर्यादा ७५ पैशांवरून ४५ पैसे प्रति मिनिट केली. त्यानंतर स्पर्धेच्या रेट्याने दोनच वर्षांत देशांतर्गत रोमिंगचा आकार जवळपास नाहीसा झाला.

परदेशी नेटवर्कला घाऊक दर द्यावा लागतो, तेव्हा परदेशातील रोमिंग फुकट मिळावे अशी अपेक्षा रास्त नाही. पण पोस्टपेड ग्राहकाला निघण्यापूर्वीच ‘कमाल किती रुपये?’ असे विचारून त्या रकमेवर डेटा थांबवणे यात अशक्य काहीही नाही.

सर्वाधिक गरज आहे ती क्रूझ आणि विमानात. तिथली नेटवर्क उपग्रहावर चालतात, दर चढे असतात आणि अनेक देशांसाठीच्या पॅकमध्ये ती बहुधा धरलेली नसतात. किनारा दूर गेला की फोन न विचारता जहाजाच्या नेटवर्कला चिकटतो. तोवर फ्लाइट मोड लावलेला बरा.