कविता पाठवा, हक्क पाठवू नका

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की कथा-कविता मागवणारी आवाहने सर्वत्र फिरू लागतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष या अंकांभोवतीच फिरत आले आहे. आता त्यात राज्यस्तरीय काव्यस्पर्धा, कथास्पर्धा आणि 'प्रातिनिधिक' काव्यसंग्रह यांची भर पडली आहे. वाड्यावस्त्यांवरची, झोपडपट्ट्यांतली आपली मुले-मुली मोठ्या उमेदीने साहित्य पाठवतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ती कोणत्या अटींवर पाठवतात, याचा विचार होत नाही. तो झाला पाहिजे.

आपल्याला छापील पानावर जागा कोणी सहजासहजी दिलेली नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९५८ साली दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' सुरू केला आणि ज्यांचे लेखन इतरत्र 'साभार परत' येत होते, अशा कित्येकांना हक्काचे पान मिळाले. ही पाने आयती मिळालेली नाहीत. म्हणून आज एखादा अंक कविता छापतो, तेव्हा तो उपकार करतो असे मानण्याचे कारण नाही.

पहिला प्रश्न निवडीचा आहे. महाराष्ट्रात आडनाव वाचले की जात कळते, निदान वाचणारा तसा अंदाज तरी बांधतो. कवितेच्या डोक्यावरच नाव, आडनाव आणि गाव असेल, तर परीक्षकाची नजर आधी कुठे जाते? परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, क्रमांक असतो. हाच न्याय साहित्याला का नको? काही स्पर्धांत साहित्यावर नाव लिहू नये, ते वेगळ्या कागदावर द्यावे, असा नियम असतो. हा नियम सर्व स्पर्धांनी पाळावा, परीक्षकांची नावे आधी जाहीर करावीत आणि एकूण किती प्रवेशिका आल्या हेही निकालाबरोबर सांगावे. ज्या स्पर्धेला हे सांगणे जड जाते, तिच्या निकालावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

दुसरा प्रश्न पैशाचा. स्पर्धेचा खर्च भागवण्यासाठी माफक प्रवेश शुल्क घेणे हा गुन्हा नव्हे. पण शे-दोनशे कवींकडून पैसे घ्यायचे, प्रत्येकाची एक कविता एका पुस्तकात कोंबायची, वर त्या पुस्तकाच्या प्रती त्यांनाच विकत घ्यायला लावायच्या आणि सन्मानचिन्ह देऊन फोटो काढायचा, हा धंदा आहे. तिथे निवड होतच नाही. ज्याने पैसे भरले तो कवी ठरतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो बाहेर राहतो. मजुरी करून लिहिणाऱ्या मुलाने यासाठी उसने पैसे काढू नयेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना आहे. त्या योजनेची जाहिरात आपल्या वाचनालयांच्या फलकावर लागली पाहिजे.

तिसरा प्रश्न माझ्या व्यवसायाशी संबंधित असल्याने थोडे सविस्तर सांगतो. 'पाठवलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असे वाक्य अनेक नियमावल्यांत असते. याचा अर्थ बक्षीस एकाला मिळते आणि हक्क मात्र सगळ्यांचे जातात! कायदा लेखकाला इतका दुबळा ठेवत नाही. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेले नसेल, तर लेखनाचा पहिला मालक लेखकच असतो. त्यासाठी नोंदणीचीही सक्ती नाही. कलम १९ सांगते की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि लेखकाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीनेच करावे लागतात. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात नमूद व्हावे लागते. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच, असे कायदा धरतो. हक्क दिले तरी कलम ५७ प्रमाणे आपले नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

पण कायदा झोपलेल्याला उठवत नाही. ऑनलाइन अर्जात 'अटी मान्य आहेत' यापुढे न वाचता खूण केली, की उद्या तीच खूण तुमच्यासमोर धरली जाते. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. त्यांच्या हयातीत त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील प्रताधिकार २०१६ सालच्या अखेरीस संपला. इतका दीर्घ हक्क एका प्रमाणपत्रासाठी देऊन टाकायचा काय?

म्हणून साहित्य पाठवताना एक पत्र जोडावे. 'या अंकात एकदा छापण्यापुरती परवानगी देत आहे, इतर सर्व हक्क माझ्याकडे आहेत', एवढी दोन वाक्ये पुरतात. नियमावली याच्या उलट असेल, तर आधी आयोजकांना विचारावे आणि ते ऐकत नसतील तर दुसरा अंक पाहावा. पाठवल्याची तारीख आणि प्रत जपावी. 'अप्रकाशित' साहित्य मागितले असेल तर ती कविता आधी समाजमाध्यमावर टाकू नये. एकच कथा एकाच वेळी चार संपादकांना पाठवू नये. संपादकांनीही पोच द्यावी, नकार वेळेत कळवावा आणि मानधन जमत नसेल तर तसे आधीच स्पष्ट सांगावे.

हे सगळे केवळ प्रस्थापितांच्या अंकांना लागू आहे असे नाही. १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त आपल्याच संस्था विशेषांक काढतात, स्पर्धा घेतात. तिथेही कित्येकदा पोच नसते, मानधन नसते आणि अटी त्याच असतात. चळवळीच्या नावाने फुकट घेतलेले श्रम हे फुकट घेतलेलेच श्रम असतात. दुसऱ्याकडे न्याय मागणाऱ्याने आधी आपल्या कार्यालयातली नियमावली बदलावी. ज्या समाजाला शतकानुशतके मालमत्ता बाळगू दिली नाही, त्या समाजातल्या पोराची कविता ही कायद्याने त्याची स्वतःची मालमत्ता आहे. तिच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद त्याने वाचलाच पाहिजे.