त्वचेच्या विकारावर कोलेस्टेरॉलचे औषध

कोलेस्टेरॉल म्हटले की हृदयविकार डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु हाच स्निग्ध पदार्थ त्वचेच्या बाह्य थरात, भिंतीच्या विटांमधील चुन्याप्रमाणे, पेशींच्या सांध्यांत भरलेला असतो व अंगातील ओलावा राखतो. तेव्हा त्याची निर्मिती रोखणारे औषध त्वचेस हितकर कसे होईल, ही शंका साहजिकच आहे.

या वर्गातील पहिले द्रव्य जपानमधील आकिरा एंडो यांनी १९७३ साली एका बुरशीपासून मिळविले. त्याच कुळातील लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. कोलेस्टेरॉल शरीरात एकदम बनत नाही. अनेक रासायनिक टप्प्यांनी बनते. लोव्हास्टॅटिन त्यांतील आरंभीचाच एक टप्पा अडविते.

‘चाइल्ड सिंड्रोम’ या दुर्मिळ जन्मजात विकारात शरीराच्या एका बाजूची त्वचा लाल व खवलेदार होते. यात शेवटाकडील एका टप्प्याचे एन्झाइम सदोष असते. पाटाचे पुढील दार मोडून अडकावे, तशी गत होते: शेत कोरडे राहते आणि पाणी मागे तुंबते. कोलेस्टेरॉल अपुरे पडते व अर्धवट बनलेली द्रव्ये साचतात. नुसते कोलेस्टेरॉल चोळून तुंबलेले कसे ओसरणार? म्हणून अमेरिकेतील संशोधकांनी प्रत्येकी २ टक्के कोलेस्टेरॉल व लोव्हास्टॅटिन असलेले मलम योजिले. थोड्याच रुग्णांवरील हा अनुभव २०११ साली प्रसिद्ध झाला. त्वचेत स्पष्ट सुधारणा दिसली. उंच कडांची वर्तुळे उमटविणाऱ्या पोरोकेराटोसिस या विकारातही पुष्कळदा याच साखळीत दोष आढळतो, आणि तेथेही असे मलम उपयोगी ठरले. पुढील एका चाचणीत तर एकट्या लोव्हास्टॅटिनचाही गुण मिश्रणाइतकाच आला.

आमच्या मते या उदाहरणाचे महत्त्व मलमाहून मोठे आहे. येथे आधी रोगाचे कारण कळले व मग औषध निवडले गेले. दुर्दैवाने औषध जुने, स्वस्त आणि रुग्ण मोजके. मोठ्या चाचण्यांवर खर्च करण्यात व्यापाऱ्यास लाभ तो कोणता? अशा चाचण्या सार्वजनिक पैशानेच व्हावयास हव्यात.

उलट, हे औषध सोरायसिस, मुरुमे, सर्वांवरच चालेल, ही घाईही नको; त्या रोगांचे कारण निराळे आहे. आणि घरी गोळ्या कुटून लेप करणे तर सर्वथा अयोग्य. गोळीत इतर द्रव्येही असतात, आणि औषधाचे प्रमाण खलबत्त्यात कळत नाही. हे मलम त्वचारोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवरून औषधनिर्मात्यानेच सिद्ध करावयाचे असते.