बीएस्सीचा खरा खर्च तीन वर्षांनंतर

बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्या घरांचे लक्ष ‘नीट’कडे असते. 2025 मध्ये देशभरात 22 लाखांवर विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली. पात्र ठरले 12 लाख 36 हजार, आणि एमबीबीएसच्या जागा त्या मानाने फारच कमी. उरलेल्यांतले अनेक जण बीएस्सीकडे वळतात. आता बारामती नगरपरिषदेत असलेल्या जळोचीतल्या किंवा इंदापूर तालुक्यातल्या मुलीला त्यासाठी पुणे गाठावे लागत नाही. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 पासून आहे आणि विद्या प्रतिष्ठानचे जैवतंत्रज्ञान महाविद्यालयही बारामतीतच आहे.

इथे ‘मुलगी’ म्हणण्याला कारण आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये विज्ञान शाखेत 57.2 लाख विद्यार्थी होते. त्यात मुली 29.8 लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त. तेव्हा या पदवीचा हिशेब हा बराचसा मुलींच्या शिक्षणाचाच हिशेब आहे.

अनुदानित तुकडीत प्राध्यापकांचा पगार सरकार देते, म्हणून फी आवाक्यात राहते. जैवतंत्रज्ञानासारखे नवे विषय बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित आहेत. तिथे पगारापासून रसायनांपर्यंत सगळे फीतूनच निघते. प्राणिशास्त्र की बायोटेक, हा निर्णय मात्र अनेकदा नावाच्या वलयावरच होतो. मुलींना फी माफ झाली, हेही अर्धेच खरे. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी, आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत आणि केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बीएस्सीला तो आपोआप लागू होत नाही. त्यात बारावीपर्यंत मोफत मिळणारा एसटीचा पासही संपतो. पुढे सवलतीचा पास काढावा लागतो.

खरी अडचण पदवीनंतर सुरू होते. बीएस्सी म्हणजे कसलाही परवाना नव्हे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ व्हायचे तर डीएमएलटीसारखे वेगळे शिक्षण हवे. शाळेत शिकवायचे तर बीएड, महाविद्यालयात शिकवायचे तर एमएस्सी आणि नेट-सेट. म्हणजे तीन वर्षांचा खर्च मनात धरून घर तयार होते आणि प्रत्यक्षात पाच वर्षे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी ऑनर्स आणि मग एका वर्षाची एमएस्सी अशी सोय आहे, पण बेरीज पाचच. आपल्या विषयाचे चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात नसेल, तर खोलीभाडे आणि मेसचा खर्च वाढतो. मुलीचे शिक्षण थांबवायचा विचार घरात बहुधा याच टप्प्यावर सुरू होतो.

खरे तर जीवशास्त्राला काम देणाऱ्या जागा याच पट्ट्यात आहेत. साखर कारखान्यांच्या आसवनीत यीस्टवर लक्ष ठेवावे लागते, दूध प्रकल्पात रोज जिवाणूंची तपासणी होते. माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे आणि कृषी विज्ञान केंद्रही आहे. मात्र तिथे उपयोगी पडते ते प्रयोगशाळेत सवयीने चालणारा हात. एका सूक्ष्मदर्शकाभोवती दहा जणी उभ्या राहून तो तयार होत नाही.

प्रवेशाआधी एक गोष्ट फुकटात तपासता येते. नॅक मूल्यांकन झालेल्या महाविद्यालयांना किती विद्यार्थी नोकरीला लागले आणि किती पुढच्या शिक्षणाला गेले, याची आकडेवारी पाचव्या निकषात द्यावी लागते. हा अहवाल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असतो. त्यात विभागवार आकडा सापडला नाही, तर तो फी भरण्याआधी विभागप्रमुखांकडे मागावा.